जंगली फूट

एप्रिलची खरड छाटणी झाली की पंधरा-वीस दिवसांनी बागेत एक काम निघतं. वर ओलांड्यावर नवी फूट निघते, तशीच खाली जमिनीलगत, कलमाच्या जोडाखालूनही एखादी फूट निघते. वरच्या फुटीपेक्षा ती जोमदार असते. तिला आम्ही जंगली फूट म्हणतो. ओळीनं वाकत जायचं आणि ती बुडातून मोडायची. ठेवली तर वेलाचं खाणंपिणं ती ओढून घेते आणि वरची गोड द्राक्षाची वेल उपाशी पडते.

मागल्या वर्षी सुट्टीला आलेला नातू माझ्याबरोबर वाकत होता. आठ वर्षांचं पोर. चार ओळी झाल्यावर म्हणाला, “आबा, ही तर लई जोरात फुटलीया. हीच का मोडताय?”

“ती जंगली हाय बाळा. आपली न्हवं.”

“मग आपल्या येलाला मूळ कुणाचं हाय?”

“त्येच. जंगलीचं.”

“म्हंजे मूळ चालतंय, पर पान चालत न्हाई व्हय?”

एवढं बोलून पोर पुढच्या झाडाकडं गेलं. मी तिथंच उभा राहिलो. कंबर धरली म्हणून उभा राहिलो, असं मी घरी सांगितलं. खरं कारण दुसरं होतं, ते पुढं येईल.

आमच्या तासगाव भागात पूर्वी बागा स्वतःच्याच मुळावर असायच्या. काडी लावली की वेल झाली. पुढं विहिरी आटल्या, बोअर खोल गेल्या, पाणी खारट येऊ लागलं. पानांच्या कडा करपायला लागल्या. २००३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालूनसुद्धा आमची अर्धी बाग वाळली. तेव्हा जाणत्यांनी सांगितलं, आता जंगली मुळाशिवाय गत नाही. डॉगरीज हे त्या मुळाचं नाव. अमेरिकेत टेक्सासात होणाऱ्या रानवेलीच्या जातीतलं हे मूळ पाण्याचा ताण सोसतं, खारं पाणीही बऱ्यापैकी सोसतं. उन्हाळ्याच्या तोंडाला जंगली रोप लावायचं, पावसाळा सरत आला की त्याच्या खोडाला चीर द्यायची, तास-ए-गणेशची नाहीतर थॉमसनची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. याला कलम भरणं म्हणतात. काडी जगली की वरची वेल आपली, खालचं मूळ जंगलीचं. माझ्या बागेतली ही जंगली रोपं मामांनी लावली. मामांचं पुढं सांगतो.

माझा पुतण्या शेतीची पदवी घेऊन आलाय. नातवाचा प्रश्न मी त्याला सांगितला तर तो हसला. म्हणाला, “तात्या, ह्याच प्रश्नावर फ्रान्समधी कैक वर्सं भांडणं झाली.” मग रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून तो मला एका माणसाची हकिकत सांगू लागला. तीन-चार रात्री लागल्या. ती माझ्या डोक्यातून गेली नाही म्हणून इथं लिहितो.

माणसाचं नाव जॉर्ज हुसमान. जर्मनीत ब्रेमेनजवळच्या मायेनबुर्ग गावी १८२७ साली जन्मला. दहाएक वर्षांचा असताना घरच्यांबरोबर जहाजानं अमेरिकेत आला. फिलाडेल्फिया शहरातल्या जर्मन लोकांनी एक मंडळ काढून मिसूरी नदीच्या काठाला जमीन घेतली होती आणि १८३७ साली तिथं हर्मन नावाचं गाव वसवायला घेतलं होतं. आपली भाषा, आपल्या चालीरीती राखून नव्या मुलखात राहायचं, असा बेत. हुसमानच्या बापानं त्यात भाग घेतला होता. जाऊन बघतात तर नुसत्या टेकड्या, झाडी आणि खडक. धान्याला ते रान नीट नव्हतं. पण उताराच्या रानात द्राक्ष येतं. गावानं वेल लावणाराला मोकळे प्लॉट बिनव्याजी हप्त्यानं दिले. १८४७ साली, ऐन विशीत, हुसमाननं बापाच्या रानात पहिली बाग लावली.

आता गंमत अशी, की युरोपातनं आणलेली वेल अमेरिकेच्या त्या भागात जगतच नव्हती. लोक पिढ्यान्‌पिढ्या लावत आले होते आणि ती मरत आली होती. म्हणून हर्मनच्या लोकांनी तिथल्याच रानवेलींतून निघालेल्या जाती धरल्या. त्यात नॉर्टन नावाची एक होती. सिनसिनाटीचा निकोलस लाँगवर्थ हा तेव्हा अमेरिकेतल्या द्राक्षातला सगळ्यात बडा माणूस; त्यानं नॉर्टन वाइनला निकामी ठरवली होती. हर्मनवाल्यांनी त्याचं ऐकलं नाही. तीच जात पुढं त्यांच्या गावाचं नाव करून गेली. परदेशातून आलेल्या माणसांनी तिथल्या रानटी वेलीची किंमत ओळखली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्याला स्वतःला ‘बाहेरचा’ म्हणून ऐकावं लागतं, त्याची नजर बहुतेक अशी होत असावी.

मधे १८५० मध्ये हा गडी सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला गेला. दोन वर्षांनी परत आला, कारण मेहुणा वारला होता आणि बहिणीचं रान बघायला माणूस नव्हता. हे ऐकलं तेव्हा मला तो आपल्यातलाच वाटला. असली कारणं आपल्याकडं घरोघरी आहेत.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. मिसूरी हे गुलाम ठेवणारं राज्य. तिथले जर्मन बहुतेक गुलामगिरीच्या विरुद्ध आणि संघराज्याच्या बाजूचे. त्यांना हिणवून ‘डच’ म्हणत. काल आलेल्यांनी आमच्या घरच्या गोष्टीत कशाला तोंड घालावं, असा गुलामवाल्यांचा राग. हुसमान १८६२-६३ मध्ये मिसूरीच्या चौथ्या पायदळ रेजिमेंटमध्ये लेफ्टनंट होता आणि त्याच्याकडं काम होतं रसदीचं. दाणागोटा, कपडालत्ता, गाड्या, जनावरं. लढाईच्या चित्रात रसदवाला कधी दिसत नाही. पण तो नसेल तर बंदूकवाला दोन दिवसांत जमिनीवर येतो. पुढं १८६४ च्या ऑक्टोबरात बंडखोरांची फौज खुद्द हर्मन गावात शिरली. म्हणजे लढाई दाराशी येऊन गेली.

आणि १८६५ च्या जानेवारीत मिसूरीची राज्यघटना नव्यानं करायला सेंट लुईस शहरात परिषद भरली, तिचा हुसमान एक सदस्य होता. ११ जानेवारीला त्या परिषदेनं मिसूरीतली गुलामगिरी तिथल्या तिथं बंद केली. मालकांना भरपाई नाही, मुदत नाही. सगळ्या देशासाठीची घटनादुरुस्ती पक्की व्हायला त्यानंतर वर्षाचा शेवट उजाडला.

पुतण्या इथं थांबला तेव्हा मी विचारलं, “बाग टाकून लढाईत जायची ह्याला काय गरज हुती? ह्येचा गुलाम न्हाई, ह्येची जहागीर न्हाई.” पुतण्या म्हणाला, “तात्या, ज्या गावात ऱ्हायचं त्या गावाचा अन्याय आपला न्हाई कसा?” मी गप्प बसलो. गप्प बसण्यात मी तरबेज आहे, हेही पुढं येईल.

एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही, कारण पुतण्यानंही ठेवली नाही. ती जमीन जर्मनांच्याही आधी ओसेज नावाच्या आदिवासी लोकांची होती. १८०८ च्या करारानं मिसूरीचा बराचसा मुलूख त्यांच्या हातातून काढून घेतला गेला. तेव्हा हर्मनची बाग ज्या मातीत उभी राहिली, तिच्यावर आधी कुणाचं तरी उठणं झालेलं होतं. ‘मूळचा कोण’ हा प्रश्न खणत गेलं की असा खाली खालीच जातो. तळ लागत नाही.

आता मुळाची गोष्ट. १८६० नंतरच्या वर्षांत फ्रान्समधल्या द्राक्षबागा कारण कळेना अशा वाळू लागल्या. १८६८ साली मुळं उपटून भिंगातून बघितली तेव्हा पिवळसर, बारीक किडा सापडला. फायलोक्झेरा. तो अमेरिकेतून गेलेल्या वेलींबरोबर गेला होता. मिसूरी राज्याचा कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यानं ओळखलं, की अमेरिकेतला आणि फ्रान्समधला किडा एकच. अमेरिकन रानवेली त्याच्याबरोबर युगानुयुगं राहिल्या होत्या, त्यांची मुळं त्याला पुरून उरत. युरोपच्या वेलीला त्याची सवयच नव्हती. युरोपची वेल अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या का मरत होती, त्याचंही एक कारण आता कळलं.

मग फ्रान्समध्ये दोन तट पडले. एक म्हणे औषधानं मारू. जमिनीत भोकं पाडून कार्बन डायसल्फाइड सोडत, कुठं बागेत पाणी तुंबवून किडा बुडवत. दुसरे म्हणत, अमेरिकन मुळावर आपल्या वेलीचं कलम करा. त्यावर पहिले म्हणायचे, ज्यांच्याकडून रोग आला त्यांचंच मूळ घ्यायचं? आपल्या वाइनला रानटी वास येईल. ती आपली राहील का? बर्गंडी भागात तर १८८७ पर्यंत अमेरिकन वेल आणायलाच बंदी होती.

पण मुळं गेली. मिसूरीतल्या रोपवाटिकांमधून मोठ्या प्रमाणावर गेली आणि ती पाठवणाऱ्यांत हुसमान होता. त्याचं स्वतःचं तेव्हा काही बरं चाललेलं नव्हतं. नदीकाठाला ब्लफ्टन नावाची वाइन कंपनी काढली होती ती बुडाली होती. तो सेडालियाला जाऊन नव्यानं रोपवाटिका करत होता. पुढं मिसूरीच्या विद्यापीठात शिकवलं, १८८१ साली कॅलिफोर्नियात नापाला गेला, तिथंही तोच किडा पोचला होता आणि तिथंही हा हेच सांगत राहिला, की जंगली मूळ धरा. पुस्तकं लिहिली, द्राक्षावर मासिक चालवलं. १९०२ मध्ये नापालाच वारला.

फ्रान्स वाचला तो त्या मुळांवर. आज जगातल्या बहुतेक देशांत द्राक्षाच्या वेलीखाली अमेरिकन मूळ असतं. माझं डॉगरीज हुसमाननं पाठवलेलं नव्हे, आणि आम्ही ते घेतलं किड्यासाठी नव्हे, पाण्यासाठी. पण वाट तीच. आणि बाटलीवर नाव? ते फ्रान्समधल्या गावांचंच राहिलं. मुळाचं नाव बाटलीवर येत नाही. माझ्या द्राक्षाच्या पेटीवरही येत नाही. तिथं माझं नाव आणि माझ्या गावाचं नाव असतं.

आता मामांचं सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात विजापूरकडून एक जोडपं आमच्या भागात खडी फोडायला आलं. दुष्काळी काम संपलं तशी माणसं माघारी गेली, हे दोघं राहिले. वडिलांनी त्यांना सालानं ठेवून घेतलं. मी तेव्हा शाळेत. मी त्यांना मामा म्हणू लागलो, सगळं घर म्हणू लागलं. ते वडिलांना मालक म्हणत, वडील गेल्यावर मला म्हणू लागले. त्यांची मराठी शेवटपर्यंत कानडी चालीची राहिली. २००३ ला बाग वाळली तेव्हा मी हबकून घरात बसलो होतो. वाळलेले बुंधे मामांनी उपटले, खड्डे मामांनी घेतले, जंगली रोपं लावली, आणि टँकरचं पाणी घागरीनं मोजून एकेका रोपाला घातलं. माझी आजची बाग त्या घागरींवर उभी आहे. हे मी चार माणसांत अनेकदा बोललोय. त्यात माझा मोठेपणा दिसतो, म्हणून बोलायला सोपं जातं.

जे बोललो नाही ते हे. त्यानंतर काही वर्षांनी मामांचा पोरगा ग्रामपंचायतीला उभा राहिला. बारावी झालेला, इथंच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला. त्याच्यासमोर माझ्या भावकीतला माणूस. मतदानाच्या आदल्या रात्री भावकी आमच्या सोप्यात बसली. एकजण म्हणाला, “चाळीस वर्सं ऱ्हायला म्हणून कानडी माणूस काय गावकरी हुतोय व्हय? मग उद्या कुणीबी यील.” सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मामा माझ्या घरचे, मी काय म्हणतो याला किंमत होती.

मी पानाला चुना लावत राहिलो.

तेवढ्यात दाराशी किटलीचा आवाज झाला. मामा रात्रीचं दूध घेऊन आले होते. किती वेळ उभे होते, ठाऊक नाही. किटली उंबऱ्याशी ठेवली आणि म्हणाले, “मालक, लाइट राती दोनला येणार हाय. पाणी मी बघतो, तुमी झोपा.” आणि गेले.

पोरगा तेवीस मतांनी पडला. आमच्या भावकीची मतं त्याहून जास्त होती. पोरगा सांगलीला गेला, ड्रायव्हर झाला. मामा त्यानंतरही कामाला येत राहिले. त्या रात्रीचा शब्द त्यांनी कधी काढला नाही, मीही काढला नाही. चार वर्षांपूर्वी मामा गेले.

आता मूळ प्रश्नावर येतो. ज्याच्या जिवावर आपण उभे, त्याचं आपण काय देणं लागतो?

पहिलं उत्तर माझ्या भावकीचं. पगार दिला, कपडालत्ता दिला, दुखलंखुपलं बघितलं, हिशेब फिटला. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. पगार कामाचा असतो. एक माणूस आपला सगळा जन्म तुमच्या मातीत घालतो, त्याची पावती पगारात निघत नाही.

दुसरं उत्तर, आधी आला तो मालक, मागून आला तो पाहुणा. यावर मी ओसेज लोकांचं सांगितलंच. आमच्या भावकीचा मूळ पुरुषही कुठून तरी घोंगडं खांद्यावर टाकून या गावात आलेला आहे, असं आमचे वडीलच सांगायचे. त्याला कुणी तरी पहिल्या रात्री ओसरी दिली असणार.

तिसरं उत्तर मीच मला देत होतो, आणि तेच सगळ्यात फसवं. मी म्हणायचो, बाबा, हा निसर्गाचाच न्याय आहे. मुळानं खाली राहावं, वेलीनं वर यावं. मुळाला वर येऊ दिलं तर वेल मरते. दरसाल वाकून वाकून जंगली फूट मोडणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. नातवाच्या प्रश्नानं ते उपटलं. वेलीच्या एका बुंध्याला दोन वाण पोसत नाहीत, हे खरं. पण गाव म्हणजे वेल नव्हे. मामांचा पोरगा पंचायतीत बसला असता तर माझ्या घरचं काय वाळणार होतं? एक खुर्ची. तीसुद्धा माझी नव्हती. शेतातला न्याय माणसांना लावायची आपल्याला खोड आहे. शेतात तो गरजेचा असतो, माणसांत तो सोयीचा असतो.

म्हणून मला वाटतं, देणं असतं ते जागेचं. जो खाली धरून उभा आहे त्याला वर यायचं झालं तर जागा द्यायची, आणि जागा द्यायची वेळ येते तेव्हा तोंड उघडायचं. आभार मागाहून मानता येतात, बोलायची वेळ मात्र एकदाच येते. हुसमान स्वतः बाहेरचा होता. ‘तुम्हाला काय करायचंय’ असं म्हणणारे त्याच्याही भोवती होते. तरी ज्या गावात राहिला तिथला अन्याय त्यानं आपला मानला, बाग मागं ठेवून गेला. मी तर गावचा, घरचा, चार माणसांत शब्दाला किंमत असलेला. मला बाग सोडायची नव्हती, लढायला जायचं नव्हतं. चुन्याची डबी खाली ठेवून एक वाक्य बोलायचं होतं.

या दिवाळीत मामांचा पोरगा गावी आला होता. मी त्याला बागेत बोलावलं. बांधावर बसवलं आणि त्या रात्रीचं सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, मी काय केलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला ठावं हाय. आप्पानं त्याच राती सांगितलं हुतं.”

“मग तू इतकी वर्सं काय बोलला न्हाईस?”

“काय बोलायचं? आप्पा म्हणलं, आपली भाकरी त्या घरात हाय.”

यावर माझ्याजवळ शब्द नव्हता. मी म्हणालो, “येत्या निवडणुकीला तू उभा ऱ्हा. मी समद्यांच्या म्होरं बोलतो.”

“आता माझी पोरं सांगलीच्या शाळंत हायत,” तो म्हणाला. रागानं नाही, सरळ.

उठताना मी म्हणालो, “एक कर. मला मालक म्हणू नगंस. तात्या म्हण, घरची पोरं म्हणत्यात तसं.”

तो हसला. “बरं,” म्हणाला. आपल्या आप्पानं लावलेल्या ओळीतून चालत जाताना एका बुंध्याशी थांबला, कलमाच्या जोडावरून हात फिरवला आणि वळून म्हणाला, “बुंधे चांगले जाड झाल्यात, मालक.”